कॅथलॅब, नाइट शिफ्ट, वजन, मीठ... थायरॉईड कॅन्सरचा खरा संबंध कशाशी?

चाफेकळी_पुणे:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे, सांभाळून घ्या. मी एका खाजगी हॉस्पिटलच्या कॅथलॅबमध्ये (जिथे एक्स-रे चालू ठेवून हृदयाची अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतात) टेक्निशियन आहे, वय ३४. आमच्याकडच्या एका सिस्टरला मागच्या महिन्यात पॅपिलरी थायरॉईड कॅन्सर (त्यातला सगळ्यात कॉमन प्रकार) निघाला. तिला काही म्हणजे काही त्रास नव्हता, गळ्यावर गाठ-बिठ नाही, गिळायला त्रास नाही, स्टाफसाठी चेकअपचं पॅकेज होतं त्यात मानेची सोनोग्राफी झाली, ८ मिमीची गाठ दिसली, लगेच सुई टाकून तपासली आणि रिपोर्ट आला. आता पुढच्या आठवड्यात सर्जनची अपॉइंटमेंट आहे.

तेव्हापासून डिपार्टमेंटमध्ये प्रत्येकजण स्वतःचा गळा चाचपत बसलाय. आमच्याकडे थायरॉईड कॉलर (रेडिएशन अडवायला गळ्यात घालायचा पट्टा) धड अशा दोनच आहेत, तिसरीचं वेल्क्रो गेलंय म्हणून मागून मायक्रोपोर लावून घालतो आणि प्रोसीजरच्या मध्यात ती सुटून ॲप्रनवर लोंबत असते. दोन चांगल्या कुणाच्या गळ्यात जातात ते सांगायला नकोच. नवीन मागवा म्हटलं की "बजेटमध्ये टाकलंय" हे उत्तर पाठ झालंय.

तर प्रश्न असा की हे कामामुळे होतं का? रेडिएशन आहेच, वर महिन्यातल्या निम्म्या नाइट, प्रायमरी अँजिओप्लास्टी (हार्ट अटॅकच्या पेशंटची तातडीची) आली की रात्री दोनला पळायचं, जेवणाची वेळ नाही, वजन वाढलंय, माझा स्वतःचा टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) ६.२ आलाय. आईने कोबी-फ्लॉवर-सोयाबीन घरातून हद्दपार केलंय आणि आयोडीनवालं मीठ बंद करून सैंधव सुरू केलंय. नवरा म्हणतो मोबाइल मानेला लावून झोपतेस म्हणून होईल. इनचार्ज म्हणतात सगळ्यांनी सोनोग्राफी करून घ्या, स्टाफला सवलत आहे. मी करून घेऊ का? खरंच माहिती असलेल्यांनी सांगा, फॉरवर्ड नकोत प्लीज, ते आईकडून रोज येतात.

ॲप्रनवाले_काका:

ताई, आयुष्य याच कामात गेलं, मेडिकल फिजिक्स आणि रेडिएशन सेफ्टी, आता रिटायर आहे. तेवढ्याच भागावर बोलतो.

रेडिएशनमुळे थायरॉईड कॅन्सर होतो हे पक्कं आहे, त्यात वाद नाही. पण कुणाला आणि किती डोसने, हे बघायला लागतं. १९८६ ला चेर्नोबिल झालं तेव्हा हवेत आयोडीन-१३१ पसरलं, ते गवतावर पडलं, गाईंनी खाल्लं, दुधात उतरलं आणि ते दूध पोरांनी प्यायलं. थायरॉईडला आयोडीन लागतंच, ती रेडिओॲक्टिव्ह आणि साधं असा भेद करत नाही, मिळेल ते ओढून घेते. युक्रेन, बेलारूस, रशियात पुढे हजारो केसेस निघाल्या त्या तेव्हा लहान असलेल्या मुलांमध्ये. पोलंडने मात्र लगेच साधं आयोडीन वाटलं, एक कोटीच्या आसपास मुलांना, म्हणजे ग्रंथी आधीच भरलेली राहावी. हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्या लोकांचा अभ्यास अजून चालू आहे, त्यातही हेच, बाँब पडला तेव्हा जो लहान होता त्याला धोका जास्त, विशीच्या पुढे होता त्याला फारच कमी. अमेरिकेत तर एके काळी टॉन्सिल सुजले, थायमस मोठी दिसली म्हणून लहान मुलांच्या मानेला रेडिएशन द्यायचे, त्या मुलांनी पुढे मोठेपणी भोगलं.

तुमचं काम वेगळं आहे. तुमच्यावर येतो तो पेशंटच्या अंगावरून उडालेला स्कॅटर, म्हणजे विखुरलेले किरण. अमेरिकेत एक्स-रे टेक्नॉलॉजिस्ट लोकांचा १९८० च्या दशकापासून चाललेला मोठा अभ्यास आहे, त्यात १९५० च्या आधी कामाला लागलेल्यांत थोडी जास्त जोखीम दिसली (तेव्हा पेशंटला हाताने धरून एक्स-रे काढायचे), पण एकूण बघता कामातला डोस वाढला तसा थायरॉईड कॅन्सर वाढला असं सापडलं नाही. म्हणजे तुमच्या सिस्टरचा कॅन्सर कॅथलॅबमुळेच झाला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. शक्यता म्हणाल तर कमीच.

पण म्हणून मायक्रोपोर लावलेली कॉलर चालेल असं अजिबात नाही!! हे ऐकून डोकं फिरलं. कॅथलॅबमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र ॲप्रन आणि कॉलर हवीच. वर्षातून एकदा फ्लुरोखाली (चालू एक्स-रेखाली) धरून चिरा पडल्यात का बघायचं, घडी घालून खुर्चीवर टाकायचं नाही, हँगरला लावायचं. छताला लटकणारी काचेची शील्ड असेल ना, ती बहुतेक ठिकाणी भिंतीकडे ढकललेली असते कारण डॉक्टरांना मध्ये येते म्हणे. ती ओढून घ्या. ट्यूब टेबलखाली असते, ट्यूबच्या बाजूला स्कॅटर जास्त, तिथे उभं राहू नका. सिने (एक्स-रेचं रेकॉर्डिंग) चालू असताना दोन पावलं मागे जा, अंतर दुप्पट केलं की डोस चौथ्या हिश्श्यावर येतो, फुकट आहे. सरांना फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) १५ वरून ७.५ करायला सांगा, रोजच्या अँजिओग्राफीला बऱ्याचदा पुरतो.

आणि टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर आलेला डोस मोजणारा. एक सांगा, बॅज कुठे असतो तुमचा? छातीवर ॲप्रनच्या आत, का ड्रॉवरमध्ये? मी अशा लॅब बघितल्यात जिथे सगळ्यांचे बॅज एका खिळ्याला टांगलेले आणि दर तीन महिन्यांनी रिपोर्ट शून्य, सगळे खूश. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (डोसचं एकक), कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. तुमचा रिपोर्ट मागा, तो बघायचा तुमचा हक्क आहे, आरएसओ (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर) देत नसेल तर लेखी मागा.

डॉ_गळपट्टा:

हेड-नेक सर्जन. काकांनी रेडिएशनचं छान सांगितलंय, मी बाकीचं उरकतो.

नाइट शिफ्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००७ ला आणि परत २०१९ ला रात्रपाळीला "बहुधा कॅन्सरकारक" गटात टाकलंय, पण तो मुख्यतः स्तन, प्रोस्टेट आणि मोठ्या आतड्याच्या पुराव्यावर. थायरॉईडचं नाव त्यात नाही. वजनाचं मात्र आहे. त्याच संस्थेने २०१६ ला लठ्ठपणाशी जोडलेले १३ कॅन्सर दिले त्यात थायरॉईड आहे. संबंध सौम्य आहे, घाबरून उपास करू नका, पण बदलता येण्यासारखं यादीत जे काही आहे त्यात हे वर येतं. मोबाइल: पुरावा नाही. कोबी: नाही. सिगरेट: ओढणाऱ्यांत थायरॉईड कॅन्सर उलट कमी दिसतो. खरंच दिसतो. माझ्याकडे रोज तोंडाचे आणि स्वरयंत्राचे कॅन्सर येतात, तेव्हा हे वाक्य नवऱ्याला दाखवू नका.

मीठ: आईंना सांगा आयोडीनवालं परत सुरू करा. आयोडीन कमी पडलं तर गलगंड होतो आणि आयोडीन कमी असलेल्या भागांत फॉलिक्युलर प्रकारचा कॅन्सर जास्त आढळतो. सैंधवात ते पुरेसं नसतं. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर तर अजिबात बंद करू नका. टीएसएच ६.२ म्हणजे ग्रंथी थोडी सुस्त, त्यासाठी फिजिशियनकडे जा, तो कॅन्सर नाही आणि कॅन्सरची पहिली पायरीही नाही.

खरी जोखीम: लहानपणी मानेला रेडिएशन, घरात जवळच्या नात्यात थायरॉईड कॅन्सर (मेड्युलरी हा कधीकधी आनुवंशिक असणारा प्रकार असेल तर रेट जीनची तपासणी करायची असते), आणि बाई असणं. बायकांत पुरुषांच्या जवळपास तिप्पट. का ते पूर्ण उलगडलेलं नाही.

आता सोनोग्राफी. कृपा करून इनचार्जना थांबवा. दक्षिण कोरियात १९९९ पासून सरकारी कॅन्सर तपासणी सुरू झाली, थायरॉईड त्यात नव्हता, पण दवाखान्यांनी थोडे पैसे जादा घेऊन मानेची सोनोग्राफीही करायला घेतली. २०११ पर्यंत थायरॉईड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. मरणाऱ्यांची संख्या? होती तिथेच. म्हणजे कॅन्सरची साथ आलेली नव्हती, लोक शोधायला लागले होते. बहुतेक सगळ्यांची ग्रंथी पूर्ण किंवा अर्धवट काढली, दहातल्या एकाहून जास्त जणांना कॅल्शियमचा त्रास कायमचा लागला, शंभरात दोघांच्या स्वरतंतूला लकवा झाला. २०१४ ला तिथल्याच डॉक्टरांनी जाहीरपणे थांबा म्हटल्यावर ऑपरेशनं धडाधड कमी झाली. फिनलंडमध्ये १९८५ ला इतर कारणांनी मेलेल्या १०१ लोकांच्या ग्रंथी बारीक काप करून तपासल्या, तिघांत एकाला छोटासा पॅपिलरी सापडला. जन्मभर पत्ता नव्हता. त्यामुळे लक्षणं नसलेल्या मोठ्या माणसांची अशी तपासणी करू नका असं अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०१७ ला स्पष्ट लिहिलंय.

तुमच्या सिस्टरच्या ८ मिमीला सुई टाकायलाच नको होती असं माझं मत. जास्तीत जास्त संशयास्पद दिसणारी गाठही १ सेंमीच्या वर गेली की मग सुई, असा सध्याचा सर्वसाधारण नियम आहे. आता रिपोर्ट आलाच आहे तर तिने सर्जनला एवढं विचारावं की नुसतं लक्ष ठेवून चालेल का. जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासून १ सेंमीच्या आतले पॅपिलरी न कापता बघितले, दहा वर्षांत जेमतेम ८ टक्के वाढले, आणि ज्यांचे वाढले त्यांचं तेव्हा ऑपरेशन केलं तरी काही बिघडलं नाही.

पिंपळगावचा_बागायतदार:

ताई तुमच्या धाग्यात घुसतोय, राग मानू नका. आमच्याकडं द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डावणी रोगाच्या भीतीनं दिवसाआड औषध मारावं लागतं, कधी कधी तर सकाळी मारलं, दुपारी पाऊस झाला, संध्याकाळी परत. एम-४५ आणि मेटॅलॅक्झिल ह्या बुरशीनाशकांचं कॉम्बिनेशन तर ठरलेलंच. ब्लोअरवर बसलेला माणूस पांढराफटक होतो, तोंडाला फार तर उपरणं. टाकीत औषध कालवायचं काम घरातल्या बायकाच करतात, ते पण उघड्या हातानं, काठी सापडली नाही तर हातानंच ढवळतात. आमच्या वहिनीला थायरॉईडची गाठ निघाली (साधी निघाली, देवाची कृपा), तेव्हापासून डोक्यात आहे की ह्या औषधांचा काही संबंध असतो का? कृषी केंद्रवाला म्हणतो काही नाही होत, तो काय म्हणणार दुसरं.

डॉ_गळपट्टा:

दादा, राग कसला, हा प्रश्न चेकअपवाल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा चांगला आहे. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिनामधल्या फवारणी करणाऱ्या लोकांवर १९९० च्या दशकापासून अभ्यास चालू आहे. त्यात मेटॅलॅक्झिल वापरणाऱ्या पुरुषांत थायरॉईड कॅन्सर जवळपास दुप्पट दिसला, लिंडेन हे कीटकनाशक वापरणाऱ्यांतही जास्त. पण एकूण केसेस शंभरच्या आत होत्या, त्यामुळे दुप्पट ऐकून दचकू नका, मुळात हा कॅन्सर कमीच होतो आणि एवढ्याशा आकड्यावर शिक्का मारता येत नाही. एम-४५ म्हणजे मॅन्कोझेब, त्याचं विघटन होऊन ईटीयू नावाचा पदार्थ बनतो, तो उंदरांच्या थायरॉईडवर परिणाम करतो हे जुनं ज्ञान आहे. युरोपने २०२० च्या शेवटी मॅन्कोझेबची परवानगी पुढे वाढवली नाही, हॉर्मोनवर होणारा परिणाम हे त्यातलं एक कारण. माणसात कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही.

वहिनींच्या गाठीचं कारण हेच, असं मी म्हणणार नाही. गाठी इतक्या कॉमन आहेत की चाळिशीपुढच्या बायकांची सोनोग्राफी केली तर ढीगभर निघतील, त्यातल्या दहापैकी नऊहून जास्त साध्याच असतात. पण हातमोजे, लांब काठी, पूर्ण बाह्यांचे कपडे, वाऱ्याच्या दिशेने पाठ, आणि ते कपडे घरच्या धुण्यात न मिसळणं, याला कॅन्सरचा पुरावा यायची वाट कशाला बघायची? यवतमाळला २०१७ ला फवारणीत माणसं गेली ती काही तासांत-दिवसांत विषबाधेने गेली, कॅन्सरने नाही.

पिंपळगावचा_बागायतदार:

हे बरोबर बोललात. गंमत बघा डॉक्टर, माल युरोपला जायचा असला की मण्यातलं रेसिड्यू लॅबमध्ये तपासतात, एवढंसं जास्त निघालं की कंटेनर अडकतो. मारणाऱ्याचं रक्त कोणी तपासत नाही. हातमोजे उद्याच आणतो, गडी घालतील का नाही ते मात्र सांगू शकत नाही, घामानं निसटतात म्हणतात.

गोदातीर_६१:

डॉक्टरसाहेब, माफ करा पण मला तुमचं "शोधूच नका" पटत नाही. माझी गाठसुद्धा अशीच सापडली, मानेच्या मणक्याचा एमआरआय करायला गेले होते आणि रेडिओलॉजिस्टने खाली एक ओळ लिहिली. मला काहीही त्रास नव्हता. उघडलं तर ग्रंथीबाहेर, मानेतल्या लिम्फ नोडपर्यंत गेलेलं होतं. तुमच्या आकड्यांनी चालले असते तर आज काय झालं असतं?

माझी ग्रंथी पूर्ण काढली, नंतर परळला रेडिओआयोडीन घेतलं. तिथलं रेडिएशन मेडिसिन सेंटर भाभा अणुसंशोधन केंद्राचं आहे, १९६३ पासूनचं. वर काकांनी चेर्नोबिलच्या आयोडीन-१३१ बद्दल लिहिलंय ना, तेच आयोडीन-१३१, तेच औषध म्हणून देतात. उरलेल्या पेशी ते ओढून घेतात आणि त्यानेच मरतात. वेगळ्या खोलीत राहायचं, फ्लश दोनदा करायचा, लाळेच्या ग्रंथींसाठी लिंबू चोखायचं, घरी आल्यावर काही दिवस नातवाला जवळ घ्यायचं नाही, ते सगळ्यात कठीण. त्याआधी काही दिवस आयोडीन नसलेलं जेवण, आणि सैंधव मीठ वापरायची ती एकच वेळ बरं का ताई, आईंना सांगा.

पण मला लिहायचं होतं ते वेगळंच. ऑपरेशननंतर भेटायला येणारा प्रत्येकजण विचारायचा, "अगं तुला कसं काय झालं, तू तर किती व्यवस्थित असतेस." कोणी म्हणे टेन्शन घेतेस म्हणून, कोणी म्हणे बाहेरचं खातेस, एका नणंदेने तर मायक्रोवेव्हवर खापर फोडलं. मी स्वतःही रात्र-रात्र वही घेऊन बसायचे, काय चुकलं असेल म्हणून. शेवटी तिथल्याच एका डॉक्टरबाईंनी सांगितलं की तुमच्यासारख्या बहुतेकांत कारण सापडत नाही, वही मिटा. म्हणून त्या सिस्टरला सध्या कोणी "कशामुळे झालं गं" असं विचारू नका एवढीच विनंती.

डॉ_गळपट्टा:

गोदाताई, तुमच्या बाबतीत सापडलं ते बरंच झालं, आणि योगायोगाने सापडलेल्या गाठीकडे दुर्लक्ष करा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. रिपोर्टमध्ये दिसली की नीट तपासायचीच, नोड सुजलेले दिसले तर लहान गाठीलाही सुई टाकायची. मी म्हणतोय ते काहीच त्रास नसलेल्या अख्ख्या डिपार्टमेंटला रांगेत उभं करण्याबद्दल. तुमच्यासारखी एक सापडेल म्हणून बाकी कित्येकांची ग्रंथी जाईल आणि जन्मभर सकाळी उपाशीपोटी गोळी लागेल, हा हिशोब मला जमत नाही. तुम्हाला जमत असेल, तर आपलं यावर एकमत होणार नाही.

लक्षणं मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा: मानेत वाढत जाणारी गाठ, तीन आठवड्यांच्या वर बसलेला आवाज, गिळताना अडकल्यासारखं वाटणं, मानेच्या बाजूला घट्ट गाठ. यातलं काही असेल तर तपासणीला उशीर नको. मेड्युलरीची फॅमिली हिस्टरी असेल तरी नको.

गोदातीर_६१:

नाही होणार एकमत. पण उत्तर दिलंत त्याबद्दल आभारी आहे.

चाफेकळी_पुणे:

बापरे इतकं सगळं!! सगळ्यांचे खूप आभार. सिस्टरला जपानवालं सांगितलं, ती सर्जनला विचारणारे, आणि आता तिला कोणी काही विचारत नाही, मी ग्रुपवर तसं लिहिलं. सोनोग्राफी मी करत नाहीये, बाकीच्यांचं बाकीचे बघतील. आई मिठावर अजून अडून बसलीये, "डॉक्टर सर्जन आहे, त्याला आहारातलं काय कळतं" असं म्हणते 😅

काका, बॅजबद्दल विचारलंत ना, तर आमचे बॅज ॲप्रनलाच लावलेले असतात, बाहेरच्या बाजूने, आणि ॲप्रन रात्रभर लॅबमध्येच टांगलेला. आरएसओंना रिपोर्ट मागितला तर म्हणाले कशाला हवाय. मग मेल टाकला, इनचार्जना सीसी करून. कॉलरसाठी पण त्याच मेलमध्ये लिहिलंय, सात जणांना सात. अजून एक विचारायचं होतं, आमच्यातल्या एकीला दिवस गेलेत, दोन महिने झालेत, अजून तिने सांगितलं नाहीये कारण नाइट बंद केल्या तर अलाउन्स जातो म्हणून. तिने काय करावं?

ॲप्रनवाले_काका:

लगेच लेखी कळवायला सांगा, आजच. कळवल्यानंतर उरलेल्या काळात बाळाला १ मिलिसीव्हर्टच्या वर जाऊ द्यायचं नाही असा नियम आहे आणि ती जबाबदारी मालकाची, पण तिने सांगितल्याशिवाय तो नियम लागूच होत नाही. कामावरून काढता येत नाही, ड्युटी बदलून द्यावी लागते. कन्सोल रूममध्ये बसवता येईल, रेकॉर्डिंगचं काम देता येईल. अलाउन्सचं एचआरशी भांडावं लागेल, ते टाळता येणार नाही.

आणि बॅज आजपासून ॲप्रनच्या आत. घरी जाताना काढून लॅबबाहेर, रेडिएशन नसलेल्या जागी ठेवायचा. आत्तापर्यंतचे तुमचे आकडे ॲप्रनचे आहेत, तुमचे नाहीत, त्यामुळे जुना रिपोर्ट आला तरी तो बघून हुरळू नका की घाबरू नका. पुढच्या तिमाहीचा आला की इथे टाका, बघू.